अवयव पाडा

3,26,140 रुपये. उभं आयुष्य शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला असा आकडा दिसला की त्याला राहवत नाही, तो त्याचे अवयव पाडायला घेतो. 2000 गुणिले 163.07. उत्तर पैशापर्यंत तंतोतंत जुळतं. यातले 2000 म्हणजे 4000 च्या निम्मे. आणि 163.07 हा कामगार भरपाई कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातला गुणक आहे, वयाच्या 47 व्या वर्षापुढे छापलेला. म्हणजे हा आकडा सत्तेचाळीस वर्षांच्या एका माणसाच्या मृत्यूचा आहे, आणि त्याचा महिन्याचा पगार 4000 रुपये धरलेला आहे.

तो एका साखर कारखान्यावर रखवालदार होता. 22 एप्रिल 2003 ला त्याची पाळी पहाटे तीनला सुरू व्हायची होती. मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे आई, बायको, चार मुलं. आमच्या सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, भरपाई आयुक्तांनी 2009 साली वरची रक्कम 12 टक्के व्याजासह मंजूर केली. 2011 साली उच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण माणूस कामावर पोचलाच नव्हता. 29 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा मंजूर केली: पहाटे तीनच्या पाळीसाठी निघालेला रखवालदार कामासाठीच रस्त्यावर होता, त्या प्रवासाचा आणि नोकरीचा संबंध उघड आहे. बावीस वर्षं. सरळव्याजानं हिशेब केला तर व्याजच साडेआठ लाखांच्या वर जातं, मुद्दलाच्या अडीचपटीहून जास्त.

या सगळ्या वर्षांत गुणाकारावर वाद झाला नाही. वाद होता तो हे उदाहरण मांडायचं की नाही, यावर. शाळेत आम्ही सांगायचो, आधी ‘दिलेलं’ लिहा, मग ‘काढायचं’ लिहा; निम्मी मुलं चुकतात ती ‘दिलेलं’ लिहितानाच. भरपाईच्या कायद्याचं नेमकं हेच झालं आहे, असं माझं म्हणणं आहे. सूत्र दोन दशांश स्थळांपर्यंत चोख आहे. त्यात घालायचे आकडे मात्र कुणाच्या तरी वहीत, कुणाच्या तरी मर्जीवर असतात.

हे माझ्यापर्यंत आलं ते एका अंगठ्यामुळे.

मोहोळ तालुक्यात दिवाळीनंतर उसाच्या फडाकडेला कोप्या उभ्या राहतात. टाकळी सिकंदरचा भीमा, अनगरचा लोकनेते अशी कारखान्यांची नावं इथल्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात. धुराडं पेटलं की महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. गेल्या हंगामाच्या आधीच्या हंगामातली गोष्ट. आमच्या शेजारच्या शेतात मराठवाड्यातून आलेली टोळी होती. तिच्यातला एक माणूस, वय एक्केचाळीस, डाव्या हाताला फडकं गुंडाळून माझ्या ओट्यावर येऊन बसला. ऊस तोडताना डावा हात ऊस धरतो, उजव्यात कोयता असतो. ज्यानं हे काम पाहिलंय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. डाव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला होता.

“गुरुजी, तुम्ही हिशेबाचे मास्तर. अंगठ्याचं किती भेटंल?”

मी कायदा उघडला. 1923 सालचा, 1 जुलै 1924 पासून लागू झालेला. त्याआधी जखमी कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे, आणि ते जवळपास अशक्यच असे. जर्मनीनं 1884 मध्ये आणि इंग्लंडनं 1897 मध्ये हा प्रश्नच बदलला होता: चूक कुणाची हे विचारू नका, इजा कामामुळे आणि कामावर असताना झाली का एवढंच विचारा. आपल्याकडे तोच विचार आला. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामील झाला आहे, पण हिशेबाची रीत तीच आहे, आणि आधीच्या अपघातांना जुनंच पुस्तक लागतं.

रीत अशी. मृत्यू झाला तर मासिक वेतनाचे 50 टक्के गुणिले वयाचा गुणक. माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर 60 टक्के गुणिले गुणक. मेलेल्यापेक्षा जगलेल्याला जास्त, कारण त्याला स्वतःलाही जेवायचं असतं. कायद्यातला हा रोखठोकपणा मला आवडतो. गुणक सोळाव्या वर्षी 228.54 असतो आणि उतरत उतरत पासष्टीला 99.37 वर येतो. उरलेल्या कमाईच्या वर्षांचं एकरकमी रूप म्हणजे हा गुणक. अपंगत्व कायमचं पण अंशतः असेल तर 60 टक्क्यांच्या हिशेबातून आलेल्या रकमेचा काही हिस्सा मिळतो, आणि तो हिस्सा पहिल्या परिशिष्टातल्या यादीत लिहिलेला आहे. हाताचा पूर्ण पंजा 60 टक्के. अंगठा 30. तर्जनी 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. हाडाला धक्का न लागता करंगळीचं नुसतं टोक गेलं तर 2. हात डावा की उजवा, यानं फरक पडत नाही.

ही यादी मी त्या दिवशी बराच वेळ वाचत बसलो. हात खांद्याखाली कापला असेल तर तो 20.32 सेंटिमीटरच्या आत की बाहेर, यावर 80 टक्के की 70 हे ठरतं. 20.32 म्हणजे बरोबर आठ इंच. कोपराखाली 11.43 सेंटिमीटर, म्हणजे साडेचार इंच. मेट्रिक पद्धत आली तेव्हा कुणीतरी इंचाचे सेंटिमीटर करून ठेवले आणि पुढच्या पानावर गेला. शरीराचे भाग इतक्या बारकाईनं मोजणाऱ्या या पुस्तकात, तो भाग कोणतं काम करत होता याला मात्र रकाना नाही.

रकाना नसला तरी न्यायालयानं वाट काढली आहे. 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा खटला आला होता. चित्रपटगृहाच्या नक्षीकामावर असताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. यादीप्रमाणे तो पूर्ण अपंग नव्हता. न्यायालयानं त्याचं अपंगत्व 100 टक्के धरलेलं कायम ठेवलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. नंतर 2010 मध्ये वाहन अपघाताच्या एका निकालात हेच आणखी फोड करून सांगितलं गेलं: डावा हात गेला तर सुताराची किंवा चालकाची सगळी कमाई जाते, कारकुनाची कदाचित काहीच जात नाही. डॉक्टरांचा दाखला शरीराचा टक्का सांगतो, आणि कमाईचा टक्का वेगळा काढायचा असतो.

मग ऊसतोड्याच्या डाव्या अंगठ्याचा टक्का किती? यादी म्हणते 30. मी म्हणेन, त्या अंगठ्याविना ऊस पकडीत धरता येत नाही, आणि ऊस धरता आला नाही तर उजव्या हातातल्या कोयत्याला काही अर्थ उरत नाही. आणखी एक गोष्ट आहे. फडावर नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. नवरा बसला की बायको ‘अर्धा कोयता’ होते, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी सहजी घेत नाही. एका अंगठ्यानं दोन माणसांची कमाई जाते. सूत्रात अवयव एकाचाच मोजतात.

पण टक्क्याआधी वेतनाचा रकाना आहे, आणि सगळी मारामारी तिथंच आहे. उचल, टनाचा दर, मुकादमाचं कमिशन, मागच्या हंगामाची बाकी हे सगळं एकाच वहीत. महिन्याचा पगार नावाची चीज नाही. समजायला सोपं जावं म्हणून गोल आकडे धरू: टनाला 360 रुपये, जोडीला दिवसाला दोन टन, म्हणजे माणशी 360. चार महिन्यांच्या, म्हणजे 120 दिवसांच्या हंगामात 110 दिवस तोड झाली. माणशी कमाई 39,600.

आता मासिक वेतन किती? ही कमाई वर्षभरावर पसरली तर बाराव्या हिश्शानं 3,300 येतात. कायद्याचं पाचवं कलम मात्र सांगतं, की बारावा हिस्सा तेव्हाच, जेव्हा माणूस त्याच मालकाकडे सलग बारा महिने असतो. एरवी सलग कामाच्या काळातली एकूण कमाई गुणिले 30, भागिले त्या काळातले दिवस. तसं केलं तर 9,900 येतात. एक्केचाळीस वर्षांचा गुणक 181.37. पहिल्या रीतीनं अंगठ्याचे 1,07,734 रुपये होतात, दुसऱ्या रीतीनं 3,23,201. बरोब्बर तिप्पट. आणि सुताराचा न्याय लावून 100 टक्के धरले तर 10,77,338. माणूस तोच, अंगठा तोच, पुस्तकही तेच. ‘दिलेलं’ काय लिहिलं, एवढाच फरक.

याला उलट बाजू आहे आणि ती खोटी नाही. मालक कोण, हेच इथं गुंतागुंतीचं आहे. कारखान्याचा करार वाहनमालकाशी, वाहनमालकाचा मुकादमाशी, मुकादमाचा टोळीशी, ऊस शेतकऱ्याचा. शिवाय कोणती कामं कायद्याखाली येतात, त्या यादीत शेतीतलं काम आलं ते ट्रॅक्टरनं, विजेच्या यंत्रानं केलेलं, मळणी यंत्रावरचं, कीटकनाशक फवारणीचं, कूपनलिकेचं. कोयत्यानं होणारी तोडणी त्यात नाव घेऊन आलेली नाही, त्यामुळे वकिलाला दारातच भांडावं लागतं. बाराव्या कलमानुसार मुख्य कंत्राट देणारा आधी पैसे भरतो आणि मग खालच्याकडून वसूल करतो. पण हे काम त्याच्या धंद्याचाच भाग आहे, असं दाखवावं लागतं. साखरेच्या धंद्यात ऊस तोडणं हा धंद्याचा भाग नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं कारखान्याला काय पुरवायचं ते सांगावं.

छोट्या मालकाचं दुखणं वेगळं. एखाद्या गुऱ्हाळवाल्याला किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या आठ-दहा माणसांच्या वर्कशॉपवाल्याला दहा लाख एका झटक्यात भरायला सांगितले तर तो बुडेल. म्हणून तर विमा असतो. पण विम्याचा हप्ता जाहीर केलेल्या वेतनावर ठरतो, आणि हप्ता वाचवायला मस्टरवर पगार कमी लिहिला जातो. अपघात झाला की तोच कमी पगार ‘दिलेलं’ म्हणून कामगाराच्या माथी बसतो. मालकानं विमा कंपनीपासून लपवलेला पैसा अखेर कामगाराच्या बोटातून कापला जातो. नव्या संहितेनं वेतनाची व्याख्या बदलली, भत्ते निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा असं ठरवलं, हे चांगलं झालं. पण ते पगारपत्रक असणाऱ्यांसाठी. वहीवर चालणाऱ्यांना ते कुठून लागू पडणार?

ज्यांच्या नावानं कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली जाते त्यांची गोष्ट निराळी आहे. तात्पुरत्या अपंगत्वात त्यांना वेतनाच्या 90 टक्के मिळतात. भरपाई कायद्यात पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार. प्लॅस्टर दोघांच्याही पायाला तेवढेच दिवस राहतं.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप वेतनमर्यादेला आहे. रखवालदाराच्या वेळी ती 4000 होती. 2010 साली 8000 झाली, 3 जानेवारी 2020 ला 15,000. मधल्या काळात ज्याचा पगार वाढला आणि अंगही गेलं, त्याचा वरचा पगार कायद्यानं पाहिलाच नाही. तत्त्व काय आहे बघा. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या बोटाला वेगळी किंमत का, असं विचारलं तर कायद्याचं उत्तर तयार असतं: आम्ही बोटाची किंमत करत नाही, बुडालेल्या कमाईची करतो. हे मला पटतं. हात अनमोल आहे असं भाषणात म्हणणं सोपं, पण घरात महिन्याला येणारा पैसा थांबला, तो भरून काढायचा, हा विचार जास्त प्रामाणिक आहे. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत मृत्यूला सरसकट 2 लाख आणि एक हात किंवा एक डोळा गेला तर 1 लाख मिळतात. रक्कम ठरवताना वय आणि कमाई विचारत नाहीत. तिथं समानता आहे, पण ती मदत आहे, भरपाई नव्हे. मात्र कमाईच मोजायची असं एकदा ठरल्यावर 25,000 मिळवणाऱ्या वेल्डरची कमाई 15,000 वर का थांबते? वेतन कमी असेल तिथं कायदा म्हणतो, जेवढं आहे तेवढंच मोजू. वेतन जास्त असेल तिथं म्हणतो, एवढं मोजणार नाही. दोन्ही वेळा स्वस्त पडेल तीच बाजू घेतली जाते.

खालच्या टोकाला किमान रकमा आहेत म्हणून कुणी समाधान मानू नये. 2010 पासून मृत्यूला किमान 1,20,000 ठरले होते. ही किमान रक्कम कधी उपयोगी पडते, हे मी काढून पाहिलं. पासष्ट वर्षांच्या, म्हणजे सगळ्यात कमी गुणकाच्या माणसाचा पगार महिना 2,415 रुपयांच्या खाली असेल तरच. तीस वर्षांच्या माणसासाठी 1,154 रुपयांच्या खाली. जो पगार कुणालाच मिळत नाही त्याच्यासाठी ठेवलेली ही सोय.

आणि हा महामार्ग. तीस वर्षांचा माणूस, पगार 15,000, घरी चार-पाच जण अवलंबून. तो कारखान्यात यंत्रात सापडून गेला तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850. तोच मोहोळच्या पुलाजवळ दुसऱ्याच्या ट्रकच्या चुकीनं गेला, तर वाहन कायद्याखाली न्यायालयांनी घालून दिलेल्या रीतीनं वर्षाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवतात, चौथा हिस्सा त्याच्या स्वतःच्या खर्चाचा वजा करतात, आणि 17 नं गुणतात: 32,13,000. दुपटीहून जास्त. तिथं चूक सिद्ध करावी लागते, हे खरं. पण रस्त्यावर मेलेल्याचा पगार पुढे वाढला असता हे मान्य, आणि यंत्रावर मेलेल्याचा वाढलाच नसता, हे कोणत्या अनुभवावरून ठरवलं? दोन लाख पगार असणाऱ्याला रस्त्यावर मर्यादा नाही, आणि पंधरा हजारांच्या वरच्या फिटरला कारखान्यात आहे.

वेतनमर्यादा महागाईबरोबर आपोआप वाढली पाहिजे. दहा दहा वर्षांनी कुणाला तरी आठवण होऊन नव्हे. टक्का शरीराच्या यादीवरून नव्हे, तर कामावरून ठरला पाहिजे. यादी तळाचा आकडा म्हणून राहू दे. पण याहून मोठी गोष्ट म्हणजे वेतन सिद्ध करण्याचं ओझं. ज्याच्याकडे वही आहे त्यानं ती दाखवावी, आणि दाखवली नाही तर कामगार सांगेल तो आकडा धरावा. हिशेब ठेवणारा एकजण आणि हिशेब सिद्ध करायचा दुसऱ्यानं, असं उदाहरण मी कुठल्याच परीक्षेत घातलं नसतं.

माझ्याकडे आलेल्या माणसाला मी हे सगळं जमेल तेवढं सांगितलं. त्याची अडचण निराळीच निघाली. गावातल्या चार माणसांनी बसून मिटवून टाकलं होतं: दवाखान्याचा खर्च दिला, वर वीस हजार दिले, स्टॅम्प पेपरवर सही घेतली, उरलेली रक्कम उचलीत वळती. मी त्याला म्हटलं, ही तडजोड आयुक्तांकडे नोंदवलेली नसेल तर तिच्या जोरावर कुणाची पूर्ण भरपाईची जबाबदारी सुटत नाही. दावा करायला अपघातापासून दोन वर्षं असतात. आणि नवव्या कलमाप्रमाणे भरपाईतून कुणाचंही येणं वळतं करता येत नाही. उचल देणं राहिली असेल तर ती वेगळी वसूल करा, अंगठ्यातून नाही.

“उचल तर त्यांच्या वहीत पैशापैशाची लिहिलीय, गुरुजी,” तो म्हणाला.

“मग तीच वही हवी,” मी म्हणालो. “उचल कोणत्या कोयत्याला, कोणत्या तारखेला, कोणत्या दरावर दिली, हे जिथं लिहिलंय तिथंच तुमची कमाईही लिहिलेली असणार. तुमचा पगार सांगणारा तेवढाच कागद आहे.”

दोन दिवसांनी त्याच्या भाच्यानं मोबाइलवर फोटो आणून दाखवला. वही मिळाली नव्हती, एक पान मिळालं होतं. वर टोळीचं नाव, मध्ये तारीख, कोयता एक, टनाचा दर, उचलीची रक्कम आकड्यात आणि अक्षरात. आणि पानाच्या तळाशी, निळ्या शाईत ठसठशीत उमटलेला, त्याचा डावा अंगठा.